चोरलेला श्वास

चिकपेटेत माझी चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. चार-सहा पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारली, "अक्का, चप्पल!" मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. रस्ता ओला होता, हे मला डोळ्यांनी कळलं, तळव्याला नाही.

नवऱ्याचं, नागेशचं, साड्यांचं होलसेल दुकान त्याच पेठेत आहे. दुकानाच्या पायऱ्या चढताना गुडघा दुमडला आणि मी गाठोड्यांवरच बसले. नागेश म्हणाला, "स्वल्प बस. पाणी घे." त्याचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूत, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी खानापूरकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा त्याचं बोलणं ऐकून हसू यायचं, आता मीही तशीच बोलते.

मी घाबरले नाही. वीस वर्षांची होईपर्यंत दोनदा घोटा मोडून झाला होता. मी कबड्डी खेळायचे. राज्याकडून खेळले, त्यापुढेही खेळले, आणि त्या खेळावरच विमा कंपनीत नोकरी लागली. चढाई करणारीच्या अंगाला कुठे ना कुठे दुखतच असतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, कंबर अधूनमधून धरते. मला वाटलं, जुना गुडघाच कुरकुरतोय. आठवड्यापूर्वी पोट बिघडलं होतं, जुलाबांनी अशक्तपणा आला असेल. पायाला मुंग्या येत होत्या, तर त्यालाही काहीतरी कारण मी शोधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाडा घालायला हात वर केले आणि ते डोक्यापर्यंत पोचलेच नाहीत. तेव्हा भीती वाटली.

*

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर, घोट्यावर, कोपरावर ठोकलं. काही नाही. मी जाणीवपूर्वक पाय उडवायचा प्रयत्न केला. त्यांच्या ते लक्षात आलं. "तुम्ही काही करू नका," त्या म्हणाल्या. "पाय स्वतःहून काय करतो ते मला बघायचंय."

संध्याकाळपर्यंत तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं: गिलाँ-बारे. आपल्या शरीराचं रक्षण करणारी फौजच चुकून आपल्या नसांवर तुटून पडते, असं त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. एखाद्या साध्या संसर्गानंतर असं होऊ शकतं. बहुतेक लोक यातून बाहेर येतात, पण त्याआधी काही दिवस हे वाढत जातं.

"किती वाढेल?" नागेशने विचारलं.

"ते आत्ता सांगता येणार नाही. पायांतून हातांत आलंय. छातीत आलं तर श्वासाला मदत द्यावी लागेल. म्हणून आम्ही लक्ष ठेवणार."

मला आजही कुणी विचारलं की सगळ्यात वाईट काय होतं, तर मी हेच सांगते. सामन्यात कितीही हरत असलात तरी फलक समोर दिसतो. किती गुण मागे आहोत, किती वेळ उरलाय, सगळं माहीत असतं. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं. मी रोज थोडी थोडी नाहीशी होणार होते, आणि ते कुठे थांबेल हे बघत पडून राहायचं होतं.

*

वॉर्डात दर काही तासांनी नर्स यायची. लिसी सिस्टर तिचं नाव. ती हिंदीत म्हणायची, "लंबा साँस लो, और एक ही साँस में गिनती बोलो, जितना हो सके." छातीचे स्नायू किती थकलेत ते यावरून कळतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. एका श्वासात समोरच्या अंगणात शिरायचं, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू ठेवायचं, गडी टिपायचा आणि तो श्वास संपायच्या आत मध्यरेषेवर परतायचं. आयुष्याची पंधरा वर्षं मी दुसरं केलं काय होतं? मी खाडखाड मोजत सुटले. पन्नाशी ओलांडली तशी सिस्टरने हसून पुरे म्हटलं.

नागेशने सगळ्यांना फोन करून सांगितलं. ऑफिसातले भेटायला आले. "मॅडम, तुम्ही खेळाडू. तुम्हाला काय होतंय?" नणंद, सरोजाक्का, घर सांभाळायला आली होती, ती म्हणाली, "तुझं शरीर कसलेलं आहे गं, आमच्यासारखं नाही." सगळे प्रेमानेच म्हणत होते. पण प्रत्येक वेळी ते ऐकलं की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. कारण दुसऱ्या दिवशी माझा आकडा चाळिशीत आला होता. त्याच्या पुढच्या दिवशी तिशीत. चहा ओठांच्या कडेने गळायला लागला. चमचा धरता येईना.

त्यातच घरी एक वेगळंच सुरू झालं होतं. पोट बिघडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझी मुलगी तन्वी, आम्ही दोघींनी गाडीवर पाणीपुरी खाल्ली होती. तिची बारावी चालू होती, अभ्यासातून तेवढाच विरंगुळा. सरोजाक्काने डबा भरता भरता म्हटलं, "त्या दिवशी पोरगी बाहेरचं खायला घेऊन गेली नसती तर हे झालं नसतं." तन्वी तिथेच उभी होती. नागेशने ऐकलं आणि तो गप्प बसला. त्यानंतर तन्वी दवाखान्यात यायची बंद झाली. परीक्षा जवळ आलीय, असं मला सांगण्यात आलं. मी ते खरं मानलं.

*

चढाई करणाऱ्या मुली एक गोष्ट शिकतात, कुणी उघड शिकवत नाही. तोंडाने कबड्डी कबड्डी चालू असताना नाकाने चिमूटभर हवा आत ओढायची. आवाज तुटत नाही, पंचाला कळत नाही. याला आम्ही श्वास चोरणं म्हणायचो. मी त्यात तरबेज होते.

आकडा विशीकडे घसरला त्या दुपारी मी श्वास चोरला. ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. दोन बिछाने सोडून असलेल्या आजोबांना सकाळीच आयसीयूत हलवलं होतं, त्यांच्या बायकोचं रडणं ऐकलं होतं. मला नळी नको होती. बोलता येणार नाही, नागेशला काही सांगता येणार नाही, आणि एकदा आत गेलं की माणूस बाहेर येत नाही असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. सिस्टर आली, मी मोजायला लागले, हवा संपत आली तशी नाकाने जराशी ओढली आणि पुढे मोजलं. परत ओढली. सिस्टरने आकडा लिहून घेतला. "कल जैसा ही है, अच्छा है."

खिडकीपाशी रेणुका उभी होती. ही माझी जुनी मैत्रीण, निपाणीची; खेळावरच पोलिसात लागली, आता इन्स्पेक्टर आहे. ती संघात डाव्या कोपऱ्यात पकडीला असायची. रोजच्या सरावात मी चढाईला जायची आणि ती मला धरायची. माझा श्वास कधी संपतोय याची वाट बघत तिने वर्षंच्या वर्षं काढली होती.

सिस्टर गेल्यावर ती पलंगाजवळ आली. "श्वास चोरूलीस तू."

"नाही गं."

"मला सांगतेस? नाकपुडी हलली तुझी. दोनदा."

मी भिंतीकडे बघायला लागले. मान वळवणंसुद्धा जड झालं होतं.

"वसू," ती म्हणाली, "पंचाला फसवायचो तेव्हा गुण मिळायचा. इथं कुणाला फसवूलीस?"

"नळी घालतील मला."

"घालू देत."

"मी परत नाही आले तर?"

रेणुकाला पोलिसात इतकी वर्षं झाली, तिला खोटा धीर देता येतो. तिने दिला नाही. तिचे डोळे भरले, तिने ते खाकी बाहीला पुसले आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "आता माझ्यासमोर मोजा. जेवढं येईल तेवढंच." मी मोजलं. पंधराच्या आसपास माझा आवाज विझला. एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं, तिथेही तेच. त्या म्हणाल्या, "आत्ता कळलं ते बरं झालं. आमच्या बाकीच्या तपासण्यांत कळलंच असतं, पण तोवर धावपळ झाली असती. नळी शांतपणे घातलेली बरी असते."

आयसीयूत नेताना नागेश स्ट्रेचरबरोबर चालत होता. त्याने माझा पाय धरला होता. मला तो स्पर्श कळत नव्हता, धरलेला दिसत होता. तो नुसतं "सरी, सरी", ठीक आहे, ठीक आहे, म्हणत राहिला. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

*

श्वासाच्या यंत्रावरच्या दिवसांबद्दल लोकांना ऐकायचं असतं की मी कशी लढले. मी लढले नाही. मला पापणी सोडून काही हलवता येत नव्हतं. डोकं पूर्ण जागं होतं. नाकाला खाज सुटली तर ती आपोआप जाईपर्यंत सोसायची. यंत्राचा भोंगा वाजला की नळी सुटली असं वाटून काळजाचं पाणी व्हायचं, आणि ओरडता यायचं नाही. पलंगाशेजारी उभं राहून माणसं माझ्याबद्दल अशी बोलायची जणू मी तिथे नाहीच. काही दिवस असे गेले की हे संपून जावं असंच वाटत होतं. कुणी घरात अशा अवस्थेत असेल तर त्याच्याशी बोलत राहा. त्याला वार सांगा, बाहेर ऊन आहे की ढग ते सांगा. लिसी सिस्टरची पाळी नसतानाही ती एकदा येऊन सांगून गेली की आज जयनगरला आंबे आलेत. त्या एका वाक्यावर मी अख्खी दुपार काढली.

आणि सरोजाक्का. तन्वीला ती काय बोलली ते नागेशने मला पलंगाशी बसून सांगितलं होतं, म्हणून तिच्यावर माझा मनात राग होता. ती रोज भेटीच्या वेळेला यायची, खोबरेल बोटांना लावून माझे केस हळूहळू सोडवायची आणि दोन सैल वेण्या घालून जायची, गुंता होऊ नये म्हणून. ती फार बोलायची नाही. एकदा वेणी बांधताना म्हणाली, "पोरीला मी बोलायला नको होतं." मी डोळे मिटून उघडले. तेवढंच उत्तर देता येत होतं.

कबड्डीत गडी बाद झाला की तो मैदानाबाहेर, रेषेच्या मागे रांगेत बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बसलेल्यांतला एक उठून आत येतो. बसलेल्याच्या हातात काही नसतं. कितीही मोठी खेळाडू असो, तिला दुसऱ्या कुणाच्या तरी गुणावर उठायचं असतं. तरुणपणी मला ते बसणं अपमानाचं वाटायचं. त्या पलंगावर मला पहिल्यांदा बरं वाटलं की आपल्याला बसायची सवय आहे. आता खेळत होते ते नागेश, अक्का, रेणुका, सिस्टर, डॉक्टर. मी फक्त रांगेत राहायचं होतं. भीती त्याने गेली नाही. पण भीतीला बसायला जागा मिळाली.

*

गळ्यातली नळी निघाली आणि आवाज परत आला तेव्हा मी आधी तन्वीला बोलवायला सांगितलं. ती दाराशीच थांबली. किती वाळली होती. तिच्या गैरहजेरीचं खरं कारण तोवर मला नागेशने सांगितलं होतं.

"इकडे ये," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता, फाटलेल्या पत्र्यासारखा होता. "पाणीपुरी खाऊ या असं कोण म्हणालं होतं?"

ती पलंगापाशी आली.

"मी. आणि दुसरी प्लेट तर माझी एकटीचीच होती."

तिने गादीवर डोकं ठेवलं आणि ती रडली. मला तिच्या केसांवरून हात फिरवायचा होता. हात उचलला गेला नाही. नागेशने तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

*

मग व्यायाम सुरू झाला, आणि इथे मात्र मी सगळ्यांना दाखवून देणार होते. फिजिओथेरपिस्ट शिल्पा पोरसवदा, माझ्याशी कन्नडमध्ये बोलायची. पलंगाच्या कडेला बसायचं, तोल सांभाळायचा, परत आडवं व्हायचं, बस. ती पुरे म्हणाली की मी म्हणायची, अजून एकदा. ती नको म्हणाली तरी ती गेल्यावर नागेशला धरून मी करायची. आमच्या काळात असंच शिकवलं होतं, अंगातलं संपलं की तिथून पुढे खरा सराव सुरू होतो.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला बसताच येईना. हात उशीवर पडून राहिले. आजार उलटला या भीतीने मला दरदरून घाम फुटला. डॉक्टर येऊन बघून गेल्या, आजार उलटला नव्हता. मी स्वतःला थकवून टाकलं होतं. शिल्पा म्हणाली, "अक्का, नस परत उगवतेय. तिला दमवलं तर ती मागे जाते. दमायच्या आत थांबायचं, हा तुमचा व्यायाम."

दमायच्या आत थांबणं मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकायला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मला विचाराल तर खेळाने दिलेल्या काही गोष्टी त्या दवाखान्यात सोडून द्याव्या लागल्या. दुखणं लपवणं, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढणं, या आधी सोडल्या. काही उरल्या. आपलं अंग दुसऱ्याच्या हाती देण्याची लाज नव्हती, कारण मालीश, पट्ट्या, उचलून नेणं हे सगळं पूर्वी झालेलं. आणि फरक दिसत नसताना तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी परत करण्याची सवय. पायाच्या हालचालीसाठी आम्ही एकेक पवित्रा महिनोन्‌महिने घोटायचो. सामन्यात तो उपयोगी पडेल की नाही हे माहीत नसायचं. तरी सकाळी मैदानावर जायचं. ती सवय माझ्या अंगात इतक्या खोल होती की नसांच्या आजाराला ती सापडली नाही.

आता मी काठी घेऊन चालते. पावलं लोंबकळू नयेत म्हणून बुटात आधार घालते. बसवनगुडीच्या ऑफिसात परत रुजू झाले, लिफ्ट बंद असली तर घरी परत येते. नागेश अजून माझ्या मागून हात पसरून चालतो. रोज सकाळी चहाच्या आधी तो विचारतो, "मुंग्या?" मी म्हणते, "नाहीत." ज्या दिवशी पाय नुसता अवघडून बधिर होतो त्या दिवशी मी तेही सांगते, आणि मग आम्ही दोघं चहा थंड होईपर्यंत माझ्या पायाकडे बघत बसतो. हा आजार सहसा परत येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. सहसा, हा शब्द आमच्या घरात राहायला आलाय.

*

गेल्या महिन्यात शिल्पाचा फोन आला. देवनहळ्ळीकडच्या एक बाई, जयम्मा, याच आजाराने दाखल होत्या. यंत्रावरून निघाल्या होत्या, पण व्यायामाला तयार नव्हत्या, जेवण नको म्हणत होत्या. "तुम्ही येऊन जाल का?"

त्याच इमारतीत पाऊल टाकताना माझ्या तोंडाला कोरड पडली. वॉर्डाच्या दाराशी मी काठीवर भार टाकून उभी राहिले, परत फिरावं असं वाटत होतं. शिल्पाने घाई केली नाही.

जयम्मा साठीच्या असतील. फुलांची शेती, शेवंतीची. उन्हाने रापलेले हात चादरीवर निपचित पडले होते. सून बाजूला बसली होती. शिल्पाने उत्साहाने ओळख करून दिली, ह्या मोठ्या कबड्डीपटू, यांना तुमच्यासारखंच झालं होतं, बघा कशा चालत आल्या. जयम्मांनी माझ्या काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही खेळणाऱ्या," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तुमच्यात ताकद होती. मी जन्मात कधी खेळले नाही. माझ्याकडून काय होणार?"

सगळ्यांनी मला जे ऐकवलं होतं तेच आता दुसऱ्या टोकाने माझ्याकडे येत होतं. मी खुर्चीत बसले.

"मी घाबरले होते," मी म्हणाले. "रोज. अजूनही घाबरते. आत्ता या दारातून परत जाणार होते."

सून माझ्याकडे बघत राहिली.

"मला काहीच करता येत नव्हतं. ही शिल्पा येऊन म्हणायची, बोट हलवा. मी हलवायची. ते हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत. खेळातलं माझ्याकडे उरलं होतं ते एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

जयम्मा सुनेला म्हणाल्या, "पायावरचं पांघरूण काढ." सुनेने चादर बाजूला केली. भेगाळलेली, शेतात वावरलेली पावलं होती ती. जयम्मांनी ओठ घट्ट मिटले. त्यांच्या कपाळावरची शीर वर आली. आम्ही तिघी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. नकळत मी माझा श्वास धरला होता.

"हलला?" त्यांनी विचारलं.

सुनेने आशेने माझ्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "आज नाही हलला. मी उद्या परत येते, उद्या बघू."

जयम्मांनी मान हलवली. "या," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, "पेज आणली होतीस ना? दे थोडी."